‘कोठडी सुनावली’ हा शब्दप्रयोग आणि न्यायदंडाधिकाऱ्याचा नकाराचा अधिकार

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर एक वाक्य जवळजवळ रोज छापून येते : ‘आरोपीस न्यायालयात हजर केले असता न्यायालयाने त्यास पाच दिवसांची पोलीस कोठडी सुनावली.’ इतर मराठी वृत्तपत्रेही हेच वाक्य वापरतात, त्यामुळे दोष एकट्या आपल्या दैनिकाचा नाही. परंतु मराठीत सुनावली जाते ती शिक्षा. ज्या माणसावर अद्याप दोषारोपपत्र नाही, ज्याच्या प्रकरणात एकाही साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून शपथ घेतलेली नाही, त्याला कोठडी ‘सुनावली’ असे आपण लिहितो तेव्हा वाचकाच्या मनात तो दोषी ठरून जातो. त्याहून मोठे नुकसान असे की, त्या दिवशी न्यायाधीशापुढे कोणता प्रश्न होता आणि त्याला कोणता अधिकार होता, हे त्या एका क्रियापदाखाली झाकले जाते. त्या अधिकाराविषयी सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालेला कर्मचारी आहे. नोकरीचा बहुतेक काळ तालुक्याच्या ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून काढला. मी वकील नाही. कायद्याविषयी जे पुढे लिहितो आहे ते रोजनामा, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाची रोजची नोंद, लिहिता लिहिता, आणि साहेबांनी काढून ठेवायला सांगितलेले न्यायनिर्णय वाचता वाचता शिकलेले आहे.

न्यायाधीशांच्या अधिकारांचा विषय निघाला की आपली चर्चा लगेच दिल्लीकडे वळते. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुका, संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार, राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ खालील रिट याचिका यांवर अग्रलेख येतात आणि ते यायलाही हवेत. पण सामान्य माणसाची न्यायाधीशाशी पहिली गाठ पडते ती तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याशी, आणि बहुधा आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी. राज्यघटनेच्या कलम २२(२) नुसार अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत सर्वांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि त्यानंतर त्याच्या हुकमाशिवाय त्या माणसाला अडकवून ठेवता येत नाही. म्हणजे चोविसाव्या तासाला पोलिसांचा स्वतःचा अधिकार संपतो आणि तेथून पुढे ते अर्जदार होतात. अर्ज मंजूर होऊ शकतो तसा नामंजूरही होऊ शकतो, आणि मंजूर झाला तरी मागितले त्यापेक्षा कमी मिळू शकते. आपल्या बातमीतून नेमकी हीच शक्यता गळून पडते.

या अधिकारामागे आपल्याच भागाचा इतिहास आहे आणि तो आता फारसा कोणाला आठवत नाही. एके काळी महसूल वसूल करणारा मामलेदारच फौजदारी अधिकारही चालवत असे. ज्या सरकारचे पोलीस माणूस पकडून आणत, त्याच सरकारचा महसुली अधिकारी त्याचे काय करायचे ते ठरवत असे. राज्यघटनेच्या कलम ५० ने न्यायदान आणि कारभार वेगळे करण्याचे निर्देश दिले आणि त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५१ मध्येच त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. देशभर ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाली आणि न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अधिपत्याखाली आले. ही सगळी खटपट झाली ती पोलिसांच्या मागणीला ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस त्या खुर्चीत बसावा म्हणून. तो कधी ‘नाही’ म्हणणारच नसेल, तर मामलेदार कचेरीतून न्यायालय वेगळ्या इमारतीत हलवून काय साधले, असा प्रश्न मला नोकरीत असताना अनेकदा पडे.

प्रत्यक्षात घडते ते असे. रिमांडची, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याच्या मागणीची, प्रकरणे बहुधा दुपारनंतर येतात. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे असतात, एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी अर्ध्यावर असते आणि तेवढ्यात तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट घेऊन उभा राहतो. सुट्टीच्या दिवशी हेच काम साहेबांच्या निवासस्थानी होते. रिपोर्टमधील कारणे ठरावीक असतात : मुद्देमाल हस्तगत करणे आहे, गुन्ह्यात वापरलेले हत्यार जप्त करणे आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे, गुन्ह्याचा उद्देश निष्पन्न करणे आहे. कायद्याने केस डायरीतील, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या रोजच्या नोंदवहीतील, नोंदींची प्रतही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे यावी लागते. ती येते. ती उघडून किती वेळ वाचली जाते, यावर त्या माणसाचे पुढचे दिवस अवलंबून असतात.

पोलिसांची बाजूही येथे नीट सांगितली पाहिजे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही. मात्र कोठडीत असताना आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. जुन्या पुरावा अधिनियमातील कलम २७ ची ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने दिलेली माहिती पंचांसमक्ष लिहून घेतात, ‘निवेदन पंचनामा’ म्हणतात तो याचसाठी. त्यामुळे चोरीचे दागिने, लपवलेला कोयता किंवा विहिरीत टाकलेला मोबाइल शोधण्यासाठी कोठडी मागणे हे अनेकदा अगदी रास्त असते, आणि ती नाकारली तर फिर्यादीवर अन्याय होतो. मुद्दा एवढाच की, मागणी रास्त आहे की केवळ छापील आहे हे डायरी वाचल्याशिवाय कळत नाही. जप्ती पहिल्याच दिवशी झालेली असताना चौथ्या दिवशी पुन्हा ‘मुद्देमाल हस्तगत करणे आहे’ हे कारण घेऊन मुदतवाढ मागितलेली मी पाहिली आहे, आणि ती मिळालेलीही पाहिली आहे. ‘आरोपी तपासात सहकार्य करत नाही’ हे तर नेहमीचे वाक्य. राज्यघटनेच्या कलम २०(३) ने कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तो गप्प राहिला म्हणून त्याला आणखी तीन दिवस आत ठेवणे हे त्या कलमाशी कसे जुळते, ते आदेशात कोठे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

कोठडी देणे हे कारकुनी काम नसून न्यायिक काम आहे, त्यासाठी मन लावून विचार करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनुभाई रतिलाल पटेल प्रकरणात स्पष्ट केले. दोन वर्षांनी अर्णेश कुमार प्रकरणात ते आणखी पुढे गेले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक खरोखर गरजेची होती का, हे पोलिसांनी कारणांसह मांडावे आणि न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतःचे समाधान नोंदवावे. कारणे न नोंदवता कोठडी दिली, तर संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाकडून विभागीय कारवाई होऊ शकते. हा निर्णय आला तेव्हा आमच्या न्यायालयात त्याची प्रत टेबलावरच्या काचेखाली ठेवलेली होती. काही महिने आदेश लांब झाले, पुढे ते पुन्हा आखूड होत गेले.

याच क्रमात एक निर्णय असा आहे की तो महाराष्ट्रातील प्रत्येक वाचकाला माहीत असावा असे मला वाटते. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८३ च्या निर्णयात, स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि स्त्री पोलिसांचा पहारा यांखेरीज, एक साधा आदेश आहे : अटक झालेला माणूस पुढे आला की न्यायदंडाधिकाऱ्याने त्याला विचारावे, पोलिसांच्या ताब्यात तुला काही त्रास, मारहाण झाली का, आणि वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा तुला हक्क आहे, हेही त्याला सांगावे. त्याच्या थोडे आधी बिहारमधील भागलपूरला कैद्यांचे डोळे फोडल्याचे प्रकरण उघड झाले होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाला असे आढळले की, पहिल्या हजेरीनंतर त्या माणसांना न्यायदंडाधिकाऱ्यापुढे पुन्हा आणलेच गेले नाही आणि रिमांडच्या आदेशाशिवाय ते तुरुंगात पडून राहिले. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे हे न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः त्याला सांगितले पाहिजे, हे त्याच प्रकरणात ठरले. पुढे २०१२ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या दहशतवाद्याच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. पण त्याच निकालात पहिल्याच हजेरीला आरोपीला वकिलाविषयी सांगण्याचे कर्तव्य सर्व न्यायदंडाधिकाऱ्यांवर टाकले आणि त्यात कसूर करणारा विभागीय कारवाईस पात्र ठरेल असे बजावले. देशाला सर्वाधिक संताप ज्याचा आला त्याच्या प्रकरणात हे सांगितले गेले, हे मला आजही मोठे वाटते.

तो एक प्रश्न विचारण्यातही विचारण्याची रीत असते. एका न्यायालयात मी काम करत असताना चोरीच्या संशयावरून पकडलेला एक विशीतला मुलगा आणला गेला. साहेबांनी विचारले, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ एरवी मी रोजनाम्यात ‘आरोपीची तक्रार नाही’ असे लिहिले असते आणि प्रकरण पुढे गेले असते. तसे मी शेकडो वेळा लिहिले आहे. त्या दिवशी साहेबांनी लेखणी खाली ठेवली, त्याच्याजवळ उभ्या असलेल्या दोन्ही शिपायांना दाराबाहेर जायला सांगितले, मुलाला पुढे बोलावले आणि पुन्हा विचारले, ‘बाळ, बसता येते का तुला?’ मुलगा रडू लागला. त्याला तिथून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवण्याचा आदेश मी स्वतः लिहून घेतला. कोठडीची मागणी नामंजूर झाली. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, वरिष्ठ न्यायालयाचा आदेश लागला नाही. पाच मिनिटे लागली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ‘तक्रार नाही’ हे शब्द लिहिताना माझा हात थोडा थांबत असे, आणि आधी न थांबता लिहिलेल्या त्या शब्दांची आठवण होई.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि न्यायदंडाधिकाऱ्याची ही जबाबदारी हलकी न होता वाढली. जुन्या संहितेखाली पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळू शकते, अशी पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निर्णयापासून रूढ होती. नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार एकूण मर्यादा पंधरा दिवसांचीच आहे. परंतु ते दिवस एकदम किंवा तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे जो माणूस महिनाभर तुरुंगात आहे आणि ज्याच्या घरच्यांना वाटते आहे की आता पोलिसांचा संबंध संपला, त्यालाही पुन्हा पोलीस कोठडीत नेण्याचा अर्ज येऊ शकतो. अशा अर्जावर ‘इतके दिवस काय करत होता?’ असे तपासी अंमलदाराला विचारणारा एकच माणूस कायद्याने नेमलेला आहे. त्याच कलमात एक चांगली गोष्ट टिकून आहे : पोलीस कोठडी द्यायची तर आरोपीला दर वेळी प्रत्यक्ष समोर आणावे लागते, पडद्यावर दाखवून चालत नाही, आणि कारणे लिहावी लागतात. पडद्यावरची हजेरी चालते ती न्यायालयीन कोठडीची मुदत वाढवताना.

अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. अटक करतानाच ती लेखी देणे शक्य नसेल, तर निदान न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या दोन तास आधी ती त्याच्या हाती पडावीत. तसे झाले की नाही, हे तपासून पाहण्याची जागा पुन्हा तीच खुर्ची आहे.

येथे ‘न्यायालयीन कोठडी’ या शब्दाविषयीही लिहायला हवे. अनेक वाचकांना वाटते की ही न्यायालयाच्या आवारातील एखादी खोली असावी. आमच्याकडे पोलीस आणि वकील तिला ‘एमसीआर’ (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) म्हणतात आणि तिचा अर्थ तुरुंग असा आहे. आरोपीच्या दृष्टीने एमसीआर झाली की जामिनाचा अर्ज चालण्याची वाट मोकळी होते. म्हणून नातेवाईक ‘एमसीआर झाली’ म्हणताना सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि बातमी वाचणाऱ्या शेजाऱ्याला वाटते की प्रकरण आणखी गंभीर झाले.

जामीन मिळाला तरी माणूस सुटतोच असे नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातील एका गवंड्याला जामीन मंजूर झाला होता. पण दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश दूर सारून एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. या निर्णयाला जवळजवळ अर्धे शतक होत आले तरी स्थानिक जामीनदार, सातबारा, ऐपतीचा दाखला या चक्रात ऊसतोड मजूर आणि परप्रांतीय कामगार आजही अडकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली लागलेला नाही असे. त्यांतील प्रत्येकाच्या कागदपत्रांत कोठे तरी एका न्यायाधीशाने सही केलेला पहिला आदेश आहे.

नकार इतका क्वचित का येतो, याचे उत्तर ‘न्यायाधीश घाबरतात’ असे सोपे नाही. बहुतेक साहेब मी कष्टाळू आणि सचोटीचे पाहिले. पण गुन्हा गंभीर असला की न्यायालयाबाहेर जमाव असतो, घोषणा असतात, आता मोबाइलवर चित्रण असते. कोठडी दिली तर कोणी प्रश्न विचारत नाही. नाकारली तर दुसऱ्या दिवशी निनावी तक्रारी जातात. दिलेल्या कोठडीचे कारण वाचायला सहसा कोणी येत नाही, नाकारलेल्या कोठडीचे मात्र पोलीस पुनरीक्षणात वरच्या न्यायालयापर्यंत नेतात. तिशीतला एक न्यायदंडाधिकारी, सोबत ना सहकारी न्यायाधीश ना संशोधन करणारा मदतनीस, हातात दहा मिनिटे. अशा वेळी त्याला बळ देऊ शकेल असा एकच घटक न्यायालयाबाहेर आहे आणि तो म्हणजे कारणे वाचणारा समाज. ती कारणे समाजापर्यंत नेण्याचे काम वृत्तपत्राचे आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. ‘कोठडी सुनावली’ हा प्रयोग आपल्या दैनिकाने बंद करावा. ‘पोलिसांनी सात दिवसांची कोठडी मागितली, न्यायालयाने तीन दिवसांची मंजूर केली’ असे लिहिता येते; तेवढ्याने वाचकाला कळते की मागणारा कोण आणि ठरवणारा कोण. बातमीत कोठडीचे कारण एका वाक्यात यावे, आरोपीतर्फे वकील हजर होता का ते यावे आणि मागणी नाकारली गेली तर ती बातमीही तेवढ्याच जागेत छापावी. ‘आरोपी मोकाट’ अशा मथळ्याखाली ती छापू नये, कारण जो न्यायदंडाधिकारी कारणे लिहून नकार देतो त्याने आपले नेमलेले काम केलेले असते. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, रिमांड रिपोर्टही मराठीतच लिहिला जातो. तेव्हा बातमीदाराला भाषेची अडचण सांगता येणार नाही. आदेशही मराठीतच आणि हाताने भरलेल्या छापील ओळींऐवजी त्या प्रकरणातील वस्तुस्थिती सांगणारे लिहिले जावेत, ही मागणी आपण संपादकीयातून उच्च न्यायालय प्रशासनाकडे करावी.

आपल्या तालुका बातमीदारांपैकी ज्यांना रिमांड रिपोर्ट, रोजनामा आणि आदेश कसे वाचावेत हे समजून घ्यायचे असेल, त्यांच्यासोबत आठवड्यातून एक दुपार बसायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयास स्वतंत्रपणे कळवला आहे. तो कृपया छापू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
जि. सातारा